शेजारचं गाव, व्हाया कोपनहेगन

दोन गावांची नावं द्यावीत आणि यंत्राने त्यांच्यामधलं अंतर सांगावं, वर विमानाला किती वेळ लागेल तेही सांगावं, याचं आता कुणालाच नवल वाटत नाही. कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, एल्समेर बेटावर, ग्रीस फिओर्ड नावाचं गाव आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथे १४४ माणसं भरली. समोरच्या समुद्रापलीकडे, वायव्य ग्रीनलंडमध्ये, कानाक आहे. तिथली वस्ती सहाशेच्या आसपास. यंत्राला विचारलं तर ते जराही न अडखळता सांगतं की सरळ रेषेत अंतर साधारण ३६० किलोमीटर. विमान म्हणजे ताशी आठ-नऊशे किलोमीटर पळणारं जेट, असं ही यंत्रं गृहीत धरतात. त्यामुळे हवेतला वेळ अर्ध्या तासाच्या आत, आणि चढ-उतार धरला तरी सगळं तासाभरात आटोपलं. गणितात खोट काढायला जागा नाही. फक्त या दोन गावांमध्ये नियमित विमान जात नाही. पत्रिका सुबक छापली आहे, मुहूर्त मिनिटापर्यंत काढला आहे, आणि नवरदेव अजून ठरलेला नाही, अशातला हा प्रकार. माझं म्हणणं असं की उत्तर ध्रुवाकडच्या दोन गावांमधलं अंतर भूगोलाने ठरवायचं सोडून जमाना झाला. ते कचेऱ्या ठरवतात, आणि त्या कचेऱ्या दोन्ही गावांपासून हजारो किलोमीटर लांब, झाडं उगवतात अशा प्रदेशात असतात.

भूगोलाची बाजू आधी मांडायला हवी, कारण नकाशाने त्याची भलतीच बदनामी केली आहे. शाळेच्या भिंतीवर टांगलेला नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो, आणि त्या पद्धतीत ध्रुवाकडे जाऊ तसतसं सगळं ताणलं जातं. ७७ अंश अक्षांशावर हा ताण चौपटीहून जास्त होतो. ३६० किलोमीटरचं हे अंतर नकाशावर दीड हजार किलोमीटरचा ऐवज दिसतं ते त्यामुळे. प्रत्यक्षात तिथे रेखांश एकमेकांना खेटून असतात. आपल्याकडे एका रेखांशापासून पुढच्या रेखांशापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर चालावं लागतं, तिथे पंचवीस पुरतात. ग्रीस फिओर्ड आणि कानाक यांच्यात जवळपास चौदा अंश रेखांशांचा फरक आहे. मुंबईहून तेवढेच अंश सरळ पूर्वेला गेलं तर जगन्नाथपुरीचा रेखांशही मागे पडतो आणि पाय बंगालच्या उपसागरात भिजतात. थोडक्यात, पृथ्वीने आपल्या परीने ही गावं जवळ आणून ठेवली आहेत. पुढचं काम माणसांचं होतं.

आता ग्रीस फिओर्डच्या माणसाने रीतसर तिकीट काढून कानाकला जायचं ठरवलं, असं धरू. कानाक पूर्वेला आहे. ग्रीस फिओर्डहून उडणारं विमान पश्चिमेला जातं, कारण ते रेझोल्यूटला जातं आणि दुसरीकडे कुठेच जात नाही. रेझोल्यूट सुमारे ३८० किलोमीटरवर. म्हणजे पहिला टप्पाच मूळ अंतराहून मोठा, आणि तो पार पडल्यावर हिशेब करावा तर कानाक आता साडेसातशे किलोमीटरच्या घरात गेलेलं असतं. तिथून दक्षिणेला, नुनावुतची राजधानी इकालुइत. आता कानाक दीड हजार किलोमीटर. तिथून आणखी दक्षिणेला ओटावा, आता साडेतीन हजार. मग टोरांटो नाहीतर मॉन्ट्रियल गाठून अटलांटिक ओलांडायचा आणि कोपनहेगनला उतरायचं. चार-पाच विमानं बदलून, एक महासागर मागे टाकून, प्रवासी आपल्या मुक्कामापासून जवळपास चार हजार किलोमीटरवर येऊन पोचलेला असतो. गाडी पुढे जाईल तसं गाव मागे सरकत जाणारा असा प्रवास जगात विरळाच. इथून मात्र अंतर घटू लागतं. ग्रीनलंडची राजधानी नूक, मग इलुलिसात, मग किनाऱ्याकिनाऱ्याने वर कानाक. ढोबळ बेरीज पंधरा-सोळा हजार किलोमीटर. चतुर माणूस आइसलंडमार्गे जाईल आणि ती अकरा हजारांवर आणील. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर हे माप ठरलं, तेव्हा विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, अशी व्याख्या होती. म्हणून ते अंतर आजही दहा हजार किलोमीटर भरतं. ध्रुवापासून दीड हजार किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला शेजारच्या गावी जायला विषुववृत्तावरून ध्रुवावर चढण्याइतकी पायपीट करावी लागते. द्राविडी प्राणायामात निदान हात डोक्यामागून का होईना, आपल्याच नाकाला लागतो.

यातला ग्रीस फिओर्ड ते रेझोल्यूट हा एकच टप्पा पाहिला तरी 'विमानाला किती वेळ लागतो' या प्रश्नाची त्रेधा उडते. हे विमान ट्विन ऑटर. कॅनडातल्या डी हॅव्हिलंड कंपनीची ही रचना १९६५ साली पहिल्यांदा उडाली आणि अजून निवृत्तीचं नाव काढत नाही. एकोणीस आसनं, पंख्यांची दोन इंजिनं, वेग ताशी तीनशेच्या आत-बाहेर. ग्रीस फिओर्डची धावपट्टी खडीची, जेमतेम अर्धा किलोमीटर लांब, आणि तिच्याभोवती डोंगर. यंत्राने गृहीत धरलेलं जेट तिथे उतरलंच तर थांबेपर्यंत समुद्रात असेल. ट्विन ऑटरला या टप्प्याला दीड तासाच्या आसपास लागतो. पण दोन्ही गावांची घड्याळं वेगळी. रेझोल्यूट तासभर मागे. दुपारी एक वाजता ग्रीस फिओर्ड सोडलं तर दीड वाजता रेझोल्यूट, आणि दुपारी एक वाजता रेझोल्यूट सोडलं तर साडेतीनला ग्रीस फिओर्ड. विमान तेच, अंतर तेच, जाताना अर्धा तास आणि येताना अडीच. जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात महिनोन् महिने उगवत नाही, तिथे एका तासाचा हा फरक काटेकोर पाळण्यात कुणाचं काय साधतं, हे मात्र घड्याळ बनवणाऱ्यालाच विचारायला हवं. शिवाय हे विमान रोज नसतं, आठवड्यातून दोनदा असतं. तेव्हा लागणारा वेळ दीड तास म्हणावा की तीन दिवस आणि दीड तास, हे तुम्ही मंगळवारी जागे झालात की बुधवारी यावर अवलंबून.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अहो, हा दोष हवामानाचा, कचेरीला कशाला बोल लावता? धुकं आलं, वारा सुटला, हिमवादळ झालं की विमान राहतं, यात सरकार काय करणार? हे खरंच आहे, आणि त्या भागात वैमानिक 'आज नको' म्हणाला तर त्याची चेष्टा करू नये. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने तिथे होकायंत्र बेभरवशाचं ठरतं. रेझोल्यूटच्या धावपट्टीचे क्रमांक चुंबकीय उत्तरेवरून न ठरवता खऱ्या उत्तरेवरून ठरवले आहेत ते त्याचसाठी. २०११ च्या ऑगस्टमध्ये त्याच धावपट्टीकडे येणारं बोइंग ७३७ बाजूच्या टेकडीवर आदळलं आणि १२ माणसं गेली. हवामानाला मान दिलाच पाहिजे. पण मंगळवारचं विमान मंगळवारी का सुटलं नाही एवढंच हवामान सांगू शकतं. कानाकला जाणारं विमान कुठल्याच वारी का नाही, यावर त्याच्याकडे उत्तर नाही. धुकं पश्चिमेलाही असतं, वारा दक्षिणेलाही असतो, आणि त्या दोन्ही दिशांना विमानं जातात. पूर्वेचं हवामान तेवढं कायमचं वाईट, असं कुठल्याही वेधशाळेने म्हटलेलं नाही.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. १४४ माणसांच्या गावाहून सहाशे माणसांच्या गावाला विमान सोडून त्यात बसणार कोण? धंद्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पण हाच निकष सगळीकडे लावला तर ग्रीस फिओर्डहून कुठलंच विमान उडू नये, कारण रेझोल्यूटला जाऊन रांग लावावी असं तिथे काही नाही. २०२१ च्या जनगणनेत रेझोल्यूटची वस्ती १८३ होती. १४४ माणसांहून १८३ माणसांकडे विमान जातं, सहाशेंकडे जात नाही, तेव्हा गर्दी हे कारण असू शकत नाही. रेझोल्यूटमध्ये पुढची जोडणी आहे, आणि ती जोडणी राजधानीकडे जाते. कॅनडातल्या उत्तरेकडच्या गावांचे हवाई मार्ग पाहिले तर ते जवळजवळ सगळे दक्षिणेकडून वर येतात आणि दक्षिणेला परत जातात. इस्पितळ दक्षिणेला, वरची कचेरी दक्षिणेला, किराणा दक्षिणेहून. पलीकडे ग्रीनलंडचं तेच, फक्त तिथे सगळ्या वाटा नूकमार्गे कोपनहेगनला मिळतात. दोन देशांनी आपापल्या शिड्या आपापल्या भिंतीला टेकवल्या आहेत. एका शिडीच्या वरच्या पायरीवरून शेजारच्या शिडीच्या वरच्या पायरीवर जायचं तर आधी जमिनीपर्यंत उतरलं पाहिजे, असा नियम.

पैसे असतील त्याने विमान भाड्याने करावं, असंही कुणी सुचवील. जरूर करावं. मात्र मग अंतर डॉलरांत मोजावं लागतं, आणि त्या मापाने कानाक चंद्राच्या अलीकडे राहील की पलीकडे, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आहे.

हे सगळं ठीक, पण मुळात त्या दोन किनाऱ्यांना एकमेकांशी घेणं-देणं काय, ही माझ्या मते सर्वांत भारी शंका. नसेल कुणाला जायचं तर विमान नसण्याची खंत तरी का करावी? इथे इतिहास मदतीला येतो. १८५० आणि १८६० च्या दशकांत कित्लार्सुआक नावाच्या एका अंगाकुकाने, म्हणजे आपल्याकडच्या देवऋषीसारख्या माणसाने, बॅफिन बेटावरून काही कुटुंबं बरोबर घेतली. कुत्र्यांच्या गाड्यांवरून, मजल दरमजल करत, वर्षानुवर्षं मुक्काम टाकत, एल्समेरच्या किनाऱ्याने आणि मग स्मिथ साउंडच्या गोठलेल्या अरुंद पट्ट्यावरून तो वायव्य ग्रीनलंडला पोचला. तिथल्या लोकांची कयाक बनवण्याची आणि धनुष्यबाण वापरण्याची विद्या तोवर लोपली होती. या पाहुण्यांनी ती परत शिकवली, सोयरिकी जुळल्या, आणि कानाक भागातली कित्येक कुटुंबं आजही त्या वंशाची आहेत. पुढची कितीतरी वर्षं तिकडचे शिकारी अस्वलं आणि कस्तुरी-बैल मारायला एल्समेरवर येऊन जात. कुणी म्हणेल की त्यांचीही वाट सरळ नव्हती, मधलं पाणी हिवाळ्यातही पुरतं गोठत नाही, म्हणून त्यांना उत्तरेला वळसा घ्यावा लागे. कबूल. पण त्या वळशात दिशा बरोबर होती. ते पूर्वेला जायचं म्हणून ओटावाला गेले नाहीत.

मग कचेऱ्या आल्या. ग्रीनलंडच्या लोकांनी आमच्या बेटावर येऊन शिकार करू नये, अशी कॅनडाने डेन्मार्ककडे तक्रार केली. क्नुद रासमुसेन तेव्हा वायव्य ग्रीनलंडमध्ये थुलेचं व्यापारी ठाणं चालवत होता. त्याने १९२० साली उलट कळवलं की ते बेट मुळात कुणाच्याच मालकीचं नाही. झालं. १९२२ मध्ये कॅनडाने एल्समेरच्या दक्षिण किनाऱ्यावर, क्रेग हार्बरला पोलीस ठाणं उभं केलं, आणि १९२६ मध्ये आणखी उत्तरेला, बाश द्वीपकल्पावर, दुसरं. या दुसऱ्या ठाण्यात टपाल कचेरीही उघडली. आसपास शेकडो किलोमीटर पत्र लिहिणारा कुणी नाही, टपालाचं जहाज वर्षातून एकदा, तेही बर्फाने वाट दिली तर. पण टपाल कचेरी आहे म्हणजे सरकार आहे, आणि सरकार आहे म्हणजे बेट आपलं, असा तो युक्तिवाद. यातली खरी मौज पुढे आहे. दक्षिणेकडून आलेल्या शिपायांना बर्फावर कुत्री हाकणं आणि थंडीत तगून राहणं जमेना, म्हणून मदतीला जाणती माणसं नेमली गेली, आणि ती होती ग्रीनलंडहून आणलेली. ज्यांनी येऊ नये म्हणून ठाणं काढलं, त्यांच्याचकडून ते चालवून घेतलं. सरकारी कारभाराचे नमुने गोळा करणाऱ्या माणसाने हा वरच्या कप्प्यात ठेवावा.

याच्यापुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. १९५३ साली कॅनडा सरकारने क्वेबेकच्या उत्तर भागातल्या इनुकजुआकहून काही इन्युइट कुटुंबं जहाजाने सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला आणून क्रेग हार्बर आणि रेझोल्यूटला उतरवली. पाँड इनलेटचीही काही कुटुंबं त्यांच्यासोबत होती. शिकार चांगली मिळेल, आणि नाहीच करमलं तर दोन वर्षांनी परत नेऊ, असं सांगितलं होतं. परत नेलं नाही. त्यातूनच आजचं ग्रीस फिओर्ड झालं. देशाचा झेंडा रोवायला माणसांचे खांब वापरले, असं पुढे अनेकांनी म्हटलं. त्याच १९५३ साली, समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या थुले हवाई तळाला जागा लागली म्हणून तिथल्या इनुगुइट लोकांना डेन्मार्कने काही दिवसांत घरं सोडायला लावली. त्यांनी शंभरेक किलोमीटर उत्तरेला बस्तान मांडलं, ते आजचं कानाक. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी १९९९ मध्ये माफी मागितली, कॅनडाने २०१० मध्ये. म्हणजे ज्या दोन टोकांमधलं अंतर यंत्र इतक्या तत्परतेने सांगतं, ती दोन्ही टोकं नकाशावर कुठे असावीत हेही एकाच वर्षी दोन लांबच्या राजधान्यांनी ठरवलं. त्या हवाई तळाची तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी कानाकपासून शंभरेक किलोमीटरवरच आहे. तिथे जेट उतरतं. फक्त ती धावपट्टी कानाकसाठी नाही.

अलीकडे सगळं बदललं आहे, सीमा मैत्रीच्या झाल्या आहेत, असा शेवटचा आक्षेप येईल. झाल्या आहेत, आणि फार गोडीने झाल्या आहेत. ग्रीनलंड आणि एल्समेर यांच्या मधोमध हान्स बेट नावाचा सव्वा चौरस किलोमीटरचा ओसाड खडक आहे. त्यावर हक्क सांगायला दोन्ही देश आळीपाळीने झेंडे लावत आणि समोरच्यासाठी आपापल्या देशाची दारूची बाटली ठेवून येत. कित्येक दशकं चाललेलं हे रण २०२२ च्या जूनमध्ये खडक वाटून घेऊन मिटलं. त्यामुळे आता कॅनडा आणि डेन्मार्क यांच्यात जमिनीवरची सीमा आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या या दोन गावांना जोडणारं विमान नाही. २०१७ मध्ये इन्युइट सर्कम्पोलर कौन्सिलच्या आयोगाने या दोन गावांमधल्या पाण्याचा, म्हणजे पिकिआलासोर्सुआकचा, अभ्यास करून दोन्ही काठांच्या इन्युइट लोकांना पूर्वीसारखं मोकळेपणाने ये-जा करू द्यावं अशी शिफारस केली. अहवाल चांगला आहे. अहवाल बहुधा चांगलेच असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात इकालुइत ते नूक अशी थेट विमानसेवाही सुरू झाली, याआधी २०१२ ते २०१४ मध्ये ती चालून बंद पडली होती. त्यामुळे कोपनहेगनचा वळसा वाचतो आणि आपल्या प्रवाशाचा फेरा चार हजार किलोमीटरच्या थोडा वर येतो. सुधारणा मोठी आहे. पण नीट पाहिलं तर हा मार्गही राजधानीपासून राजधानीपर्यंतच आहे. पूर्वेच्या शेजाऱ्याकडे जायला आधी पश्चिमेला आणि मग दीड हजार किलोमीटर दक्षिणेला उतरायचं, हे कलम शाबूत आहे.

या मधल्या पाण्यावर कुणाचं लक्षच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पांढरी अस्वलं या बर्फावरून अलीकडे-पलीकडे जातात आणि त्यांना पासपोर्ट विचारण्याची कुणाची प्राज्ञा नाही, म्हणून २००९ मध्ये कॅनडा, नुनावुत आणि ग्रीनलंड यांनी त्यांच्या रक्षणासाठी करार केला आणि संयुक्त आयोग नेमला. पुढे काही वर्षं दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी बॅफिन उपसागराच्या आणि केन बेसिनच्या दोन्ही काठांवर हेलिकॉप्टरं फिरवून अस्वलांची गणती केली, आणि कोणतं अस्वल कुठून कुठे गेलं याच्या नोंदी एकमेकांना दिल्या. वाटेत वादळं आली, धुकं आलं, बर्फ फुटला, तरी काम झालं. तेव्हा या पाण्याच्या दोन काठांमध्ये सरकारी समन्वय, इंधन आणि उडण्याची सोय, तिन्ही आहेत. प्रवाशाने फक्त अस्वल असायला हवं.